धंदा कशाचा, ते आधी सांगा

(सामुदायिक रेडिओवरील महिला गटांच्या कार्यक्रमातलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज मी कॅनडाच्या व्हिसाबद्दल बोलणार आहे. हसू नका. वर्षभरापूर्वी मला कुणी हा विषय सांगितला असता तर मीही हसले असते. आपला आणि कॅनडाचा काय संबंध? पण संबंध आला, आणि तो आला थेट बचत गटाच्या कर्जाच्या वहीतून.

पैठण तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण जिची गोष्ट आहे तिने बजावलंय, "सांगा, पण नाव घेऊ नका." मी तिला मावशी म्हणते, तुम्हीही मावशीच म्हणा. नोव्हेंबर २०२५. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. गटाच्या बैठकीत मावशींनी दोन लाखांचं कर्ज मागितलं. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. कर्ज मागणारीने कारण सांगायचं, बाकीच्यांनी विचारायचं, मग वहीत लिहायचं. मावशी म्हणाल्या, "पोराच्या धंद्यासाठी."

सचिव पेन काढून बसली होती. "धंदा कशाचा?"

"ते काय बाई, इंग्रजी नाव हाय. कंपनी हाय."

"कुठं टाकणार? बिडकीनला?"

"कॅनडात."

बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. चांगला जाड, रंगीत कागद. वर लाल पान छापलेलं. त्यावर त्यांच्या मुलाचं नाव होतं आणि नावापुढे लिहिलं होतं : सहसंस्थापक.

मुलगा इंजिनिअर आहे. शहरातल्याच कॉलेजात शिकला. चार वर्षं वाळूजच्या कंपन्यांमध्ये कंत्राटी कामगार म्हणून राबतोय, महिन्याला अठरा हजार. वय एकोणतीस. लग्न जमत नाही. शेतकऱ्याच्या घरात मुलगी द्यायला आज कोण तयार आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तर शहरातल्या एका कार्यालयात त्याला सांगितलं गेलं की, कॅनडात नवीन कंपनी काढणाऱ्यांना तिथलं सरकार कायमचं राहू देतं. स्टार्टअप व्हिसा म्हणतात. एकूण खर्च अठ्ठावीस लाख. दीड लाख टोकन दिवाळीतच रोख देऊन झालं होतं. पावती नाही. एक एकर विकायचं ठरलं होतं आणि त्यासाठी गंगापूरकडे दिलेल्या बहिणीचं हक्कसोडपत्र हवं होतं. जमिनीचे पैसे येईपर्यंत पुढचा हप्ता गटाकडून.

गटाने कर्ज नाकारलं नाही, दिलंही नाही. "ताई, तुम्ही एकदा जाऊन बघून या," असं मला सांगितलं. म्हणून मी, मावशी आणि तो मुलगा, असे तिघं त्या कार्यालयात गेलो.

काचेचा दरवाजा, थंडगार हवा, भिंतीवर विमानाचं चित्र. साहेब बोलायला फार गोड. पहिलंच वाक्य होतं, "मावशी, हा डंकीचा रस्ता नाही बरं का. एकदम कायदेशीर." डंकी म्हणजे जंगलातून, सीमा ओलांडून चोरून जाणं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायांत बेड्या घातलेली माणसं आपण टीव्हीवर पाहिली. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून एजंट लोकांना हे वाक्य फार कामाला येतं. तो रस्ता वाईट, आमचा चांगला.

मी विचारलं, "कंपनी काय करते?"

"ॲग्री-टेक आहे मॅडम. शेतकऱ्यांना सल्ला देणारं ॲप."

"ॲप कुठे आहे? दाखवा की."

"ते तयार होतंय."

"गिऱ्हाईक कोण? कॅनडातला शेतकरी याला काय विचारणार?"

"मॅडम, धंद्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. ते आम्ही बघतो."

मैत्रिणींनो, या एका वाक्यावर मी अडले, आणि आजही अडलेलीच आहे. ज्याच्या नावावर धंदा, त्याने धंद्याची काळजी करायची नाही? मग तो धंदा कुणाचा? कंपनीत एकूण पाच जण होते. हा चौथा. पहिल्या तिघांची नावं त्याला माहीत नव्हती. पाचवी जागा "अजून रिकामी आहे, कुणी ओळखीचं असेल तर सांगा," असंही साहेब म्हणाले. जीपमध्ये पाचवं सीट भरायचं राहिलंय, तसं.

येताना बसमध्ये मी मुलाला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, धंदा कुणाला करायचाय? तिकडं पोचलो की कुठं बी काम मिळतं."

त्याच्यावर चिडायला मला जमलं नाही. पण त्या रात्री भाचीला घेऊन बसले आणि कॅनडा सरकारच्याच वेबसाइटवर ही योजना मुळात काय आहे ते तिच्याकडून वाचून घेतलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

कॅनडाने ही योजना २०१३ साली आधी प्रायोगिक म्हणून सुरू केली आणि २०१८ साली कायम केली. विचार चांगला होता. जगातल्या हुशार माणसाने आपल्याकडे येऊन कंपनी काढावी, चार लोकांना काम द्यावं. पण हुशार कोण, हे सरकारी बाबूला कसं कळणार? म्हणून सरकारने ते काम काही मान्यताप्राप्त संस्थांवर सोपवलं. त्यांचं समर्थनाचं पत्र मिळालं की अर्ज करता यायचा. अशा संस्था तीन प्रकारच्या. पहिली, मोठे गुंतवणूक फंड. त्यांनी त्या कंपनीत किमान २ लाख कॅनेडियन डॉलर घालायचे, म्हणजे आपले सव्वा कोटीच्या आसपास. दुसरी, श्रीमंत गुंतवणूकदारांचे गट. त्यांनी किमान ७५ हजार डॉलर घालायचे. आणि तिसरी, इन्क्युबेटर. त्यांनी एक पैसाही घालायची गरज नाही, फक्त कंपनीला आपल्याकडे प्रवेश द्यायचा.

इन्क्युबेटर हा शब्द तुमच्यापैकी कुक्कुटपालन करणाऱ्यांना नवा नाही. अंडी उबवायचं यंत्र. इथेही तोच अर्थ. नव्या धंद्याला ऊब द्यायची, जागा द्यायची, जाणत्या माणसांशी गाठ घालून द्यायची, पिल्लू बाहेर येईपर्यंत सांभाळायचं. आपल्याच शहरातल्या उद्योजकांनी उभी केलेली मॅजिक नावाची संस्था हेच काम करते, विद्यापीठातही असं केंद्र आहे. कल्पना वाईट नाहीच.

पण बघा, तीन दारांपैकी दोन दारांवर उभा असलेला माणूस स्वतःचे पैसे घालणार आहे. तो दहादा विचारणार, धंदा कशाचा. तिसऱ्या दारावरच्या माणसाचं काहीच जाणार नाही. उलट तो आत येणाऱ्याकडून फी घेऊ शकतो. मग अंडं कंदिलासमोर धरून बघायची त्याला काय घाई? बाजारात सौदे याच दाराचे होऊ लागले. त्यात एका कंपनीच्या नावावर पाच जणांपर्यंत अर्ज करता येत होते, प्रत्येकाकडे किमान दहा टक्के मताधिकार असला की झालं. म्हणजे एक पत्र, पाच कुटुंबं. खऱ्या कंपनीला पाच भागीदार लागतातही. पण आधी पाच गिऱ्हाइकं जमवायची आणि मग त्यांना पुरेल अशी कंपनी शिवायची, हे उलटं झालं.

अजून एक नियम होता. कायमचं राहायची परवानगी मिळाल्यावर धंदा बुडाला तरी परवानगी जात नाही. हा नियम चांगल्या मनाने केलेला आहे. खरा धंदाही बुडतो हो, आपल्या गटाचा पापडाचा बुडाला नव्हता का? धंदा बुडाला म्हणून माणसाला देशाबाहेर काढायचं, हे माणुसकीला धरून नाही. पण ज्याला धंदा करायचाच नाही, त्याला हाच नियम पळवाट झाला. कंपनी काढायची ती बुडवायलाच.

आता कुणी म्हणेल, सरकारला हे कळलं नसेल का? कळलं होतं. त्यांच्या कायद्यातच लिहिलंय की, जो मुख्यतः राहायची परवानगी मिळवायला या कंपनीत शिरला, धंदा करायला नाही, तो या योजनेत बसत नाही. अधिकाऱ्याला शंका आली तर त्या क्षेत्रातल्या जाणकारांकडून पत्राची फेरतपासणी करवून घेता येते. काही संस्थांची मान्यता स्थगितही झाली. आणि समर्थनाच्या पत्रात ज्याला अत्यावश्यक म्हटलंय अशा भागीदाराचा अर्ज नाकारला गेला, तर बाकीच्यांचेही अर्ज पडतात. आता आमच्या मावशींच्या मुलाचा विचार करा. पहिले तिघं कोण, कुठले, त्यांनी काय खरं-खोटं लिहिलंय, काही पत्ता नाही. आणि त्यांच्या कागदावर याचं एक एकर टांगलेलं.

अर्ज इतके साचले की निकालाला वर्षांमागून वर्षं लागू लागली. मग ३० एप्रिल २०२४ पासून सरकारने मर्यादा घातली. एका संस्थेने वर्षाला दहाच कंपन्यांना पत्र द्यायचं. ज्या कंपनीत कॅनडातल्या गुंतवणूकदारांनी खरोखर पैसे घातलेत, तिचा अर्ज आधी बघायचा. तरीही रांग आवरेना. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ३१ डिसेंबरनंतर नवे अर्ज घेणार नाही. त्याच वर्षात पत्र मिळालेल्यांना तेवढी पुढे थोडी मुदत दिली. या सगळ्या उद्योजक वर्गासाठी २०२६ सालच्या जागा किती ठेवल्या? ५००. आणि रांगेत आधीपासून हजारो माणसं उभी.

हे कॅनडालाच झालं असं नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून उद्योजकांचा एक व्हिसा होता. त्याला २ लाख पौंड हाताशी असल्याचं दाखवावं लागायचं. शिकायला आलेल्या परदेशी मुलांना शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबू देणारा व्हिसा २०१२ साली त्यांनी बंद केला, आणि बघता बघता उद्योजक व्हिसाचे अर्ज वाढले. सगळी पोरं एका रात्रीत उद्योजक झाली! पुढे सरकारच्या लक्षात आलं की तेच पैसे आज याच्या खात्यात, उद्या त्याच्या खात्यात फिरतायत. लग्नात शेजारणीच्या पाटल्या घालून मिरवावं तसं. २०१३ पासून ते उद्योजक खरा आहे की नाही याची परीक्षा घेऊ लागले, २०१९ साली तो व्हिसाच नव्या अर्जदारांना बंद केला. आता तिथे दुसरा आहे, त्यालाही मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र लागतं, आणि ती संस्था नंतर ठरावीक काळाने पुन्हा भेटून बघते की धंदा चाललाय का.

दुसऱ्याच्या पाटल्यांवरून आठवलं. मावशींनी गटाकडे मागितलेले दोन लाख खरे कशासाठी होते, हे त्या कार्यालयातच उघड झालं. तिथे गेल्यावर सुरुवातीचे दिवस स्वतःच्या पैशांवर काढता येतील, असं बँकेतली शिल्लक दाखवून सिद्ध करावं लागतं. साहेब म्हणाले, "फक्त दाखवायला, मावशी. नंतर काढून घ्या." कॅनडाचा नियम साफ आहे : ही रक्कम दुसऱ्याकडून उसनी घेतलेली चालत नाही. म्हणजे आपल्या गटातल्या वीस-पंचवीस रुपयांपासून साठवलेल्या पैशांनी एक खोटं उभं राहणार होतं, आणि गटाच्या वहीत त्याला 'धंदा' म्हटलं जाणार होतं.

खोटं पकडलं गेलं तर भोगायचं कुणी? कागदावर सही ज्याची, त्याने. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं त्या देशाचं दार बंद. एजंटाने भरून दिलं, मला माहीत नव्हतं, हे सहसा चालत नाही. २०२३ साली पंजाबच्या मुलांची बातमी आठवते का? जालंधरच्या एका एजंटाने कॅनडातल्या कॉलेजांची बनावट प्रवेशपत्रं देऊन शेकडो मुलांना पाठवलं होतं. मुलं तिथे गेली, दुसऱ्या कॉलेजांत शिकली, कामाला लागली, आणि कायम राहण्याचा अर्ज केल्यावर कागद खोटे निघाले. देश सोडायच्या नोटिसा मुलांना आल्या. ती रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे तिथल्या सरकारने एकेक प्रकरण तपासायचं मान्य केलं. एजंटाला पुढे, मे २०२४ मध्ये, कॅनडातल्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. पण त्या मुलांच्या आईबापांनी विकलेली शेतं काही परत आली नाहीत.

आता आपल्याकडचा कायदा. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतं, आणि त्याने उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घ्यायचं नाही. आता गंमत बघा. स्टार्टअप व्हिसावाला म्हणतो, "मी नोकरी कुठे देतोय? मी तर मालक बनवतोय." म्हणजे तो या कायद्याच्या बाजूने अलगद निघून जातो. पंजाबने २०१२ साली व्हिसा सल्लागारांनाही परवाना लागेल असा स्वतःचा कायदा केला, कारण तिथे गावंच्या गावं पोळली होती.

कॅनडाच्या बाजूने मात्र एक गोष्ट तपासता येते. पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला तिथला वकील देऊ शकतो, क्युबेक प्रांतातला नोटरी देऊ शकतो, किंवा तिथल्या सल्लागारांच्या अधिकृत कॉलेजचा परवाना असलेला सल्लागार. त्यांची यादी सगळ्यांना बघता येते. भाचीने त्या साहेबांचं नाव यादीत टाकलं. नाही निघालं. साहेब म्हणाले, "आमचे तिकडचे पार्टनर आहेत." पार्टनरचं नाव विचारलं तर म्हणाले, फाइल झाल्यावर सांगू.

आता जरा घरातलं बोलते, कारण माझ्या मते या प्रकरणाचा खरा दाह तिथे होता. बहिणीची सही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे आपण गटांच्या प्रशिक्षणात घोकतो आणि घरी येऊन विसरतो. हक्कसोडपत्र म्हणजे पोस्टाच्या पावतीवरची सही नव्हे. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदवलं की ते फिरवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि बहिणीला काय सांगितलं होतं? "भावाच्या आयुष्याचं कल्याण होतंय, तू आडवी येऊ नको." भाऊबीजेच्या ताटात ओवाळणीसोबत तो कागद ठेवला होता, असं ती मला म्हणाली. मी ऐकून गप्प झाले. मावशींना यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांनी स्वतः त्यांच्या भावांना अशीच सही दिलेली.

ती मुलगी दहावी शिकलेली. गंगापूर तालुक्यात तिच्या गटाची अध्यक्ष आहे. तिने भावाला फोनवर विचारलं, "दादा, मला धंदा सांग. खरा असंल तर सही करते, अन् वरून माझी एकदाणी बी देते." दादाला सांगता येईना. फोन आपटला. महिनाभर दोघं बोलत नव्हते. मावशी माझ्यावरही नाराज होत्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या लोकांनी माझ्या पोराची वाट अडवली." ते वाक्य मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. अठरा हजारांच्या कंत्राटी नोकरीपुढे माझ्याकडे त्याला द्यायला काय होतं? जिल्हा उद्योग केंद्राची योजना सांगितली, अन्नप्रक्रियेच्या ३५ टक्के अनुदानाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. कॅनडाच्या लाल पानापुढे मसाल्याची चक्की फिकी दिसते, त्याला मी तरी काय करणार!

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात योजना बंद होण्याची बातमी आली. साहेबांचा फोन चालू झाला. "३१ तारखेच्या आत दहा लाख भरा, शेवटची संधी." मुलगा रडकुंडीला आला. कागदोपत्री पत्रच हातात नाही, आणि दहा दिवसांत अर्ज कसा जाणार, हे मी त्याला तीनदा समजावलं. तारीख गेली. जानेवारीत पुन्हा फोन : कॅनडा नवीन योजना आणणार आहे, तिचं आगाऊ बुकिंग चालू. नव्या, छोट्या प्रायोगिक योजनेची घोषणा तिथल्या सरकारने केली आहे, हे खरं. पण ज्या योजनेचे नियमच तेव्हा यायचे होते, तिचं बुकिंग म्हणजे न पेरलेल्या कापसाचा सौदा. त्या दिवशी मात्र मुलगा स्वतःच म्हणाला, "ताई, हा मला येडा समजतो."

मग आम्ही टोकनच्या मागे लागलो. पावती नव्हती, पण पैसे दिल्याच्या दिवशीचे व्हॉट्सॲपवरचे निरोप होते, तो रंगीत कागद होता, साहेबांनी "दीड मिळाले" असं बोलून पाठवलेला आवाज होता. हे सगळं जपून ठेवलेलं म्हणून बरं. पोलिसांत लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, तेही अर्जात घातलं. अर्ज गेल्यावर सत्तर हजार दोन हप्त्यांत आले. ऐंशी अजून यायचेत. कुणाचे पैसे फोनवरून, ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच, त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात पळतात.

हे सगळं ऐकून परदेशाचं नावच काढायचं नाही, असं कुणी समजू नका. खरी कंपनी घेऊन गेलेली आणि तिथे नाव काढलेली आपली मुलंमुली आहेत. फरक ओळखायला इंग्रजी लागत नाही. आपण वीस हजारांच्या शेळीच्या कर्जाला जे विचारतो तेवढंच विचारायचं. काय विकणार, कोण घेणार, भागीदार कोण, त्यांच्या घरी तू जेवलायस का, आजपर्यंत एक रुपया तरी कमावलाय का. आणि ज्याने पत्र दिलं त्याने स्वतःचे किती घातले. पैसे बँकेतून द्यायचे, पावती घ्यायची. रोख मागणाऱ्याला, "आमच्या गटात रोखीने चालत नाही," असं सांगायला लाजायचं कशाला? मुलीचं स्थळ आलं आणि मुलगा "कॅनडाच्या कंपनीचा संस्थापक" निघाला, व्हिसाचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा अशी बोलणी निघाली, तर तिथेही हेच प्रश्न. तो हुंडाच आहे, फक्त पासपोर्टच्या पाकिटात घातलेला. आणि कागद कुठलाही असो, हक्कसोड, गहाणखत, जामीन, तो सही करायच्या आधी ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. वाचणारी नसेल तर मला बोलवा.

संक्रांतीला बहीण माहेरी आली होती. दोघं भावंडं बोलली. एक एकर अजून सातबाऱ्यावर आहे, तिन्ही नावांसकट. मुलाच्या डोक्यातून बाहेर जायचं काही गेलेलं नाही. आता त्याने जर्मन भाषेचा क्लास शोधलाय. शहरात आहे, फी बारा हजार. मावशींनी गटाकडे तेवढ्याचं कर्ज मागितलंय, आणि या वेळी सचिवाने विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ताईंनी आधी क्लास बघून यावा." सोमवारी मी जाणार आहे. मुलगा म्हणतो, तोही तोवर तिथे शिकून गेलेल्या दोघा-तिघांचे नंबर काढून ठेवतो.

तुमच्या गावात असा रंगीत कागद कुणाच्या हातात दिसला तर रेडिओच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा. नमस्कार.